अंगण लहान करताना

प्रिय आई,

'प्रिय' वाचून दचकू नका. पत्राची सुरुवात अशीच करायची असते, आणि तुमच्या माघारी मी रीतीला धरून वागते आहे असं चारचौघांत म्हटलं जातं. तुम्ही होतात तोवर लिहायची वेळ आली नाही. एका छपराखाली राहणाऱ्या सासू-सुना पत्रं लिहीत नाहीत, भांडी जरा जोरात ठेवतात. तेवढ्यावर आपलं भागत होतं.

आज लिहायला बसले ते बाबांच्या सांगण्यावरून. तुमच्या खोलीच्या मागे, अंगणातली थोडी जागा घेऊन, एक बाथरूम बांधायचं मी ठरवलंय. खोलीतूनच दार असलेलं. संडाससकट. हो, संडाससकट. तिकडे नीट ऐकू गेलं नाही असं नको, म्हणून दोनदा लिहिलं. पैसे तुमच्या एफडीतले. ती आता बाबांच्या नावावर आहे, म्हणजे मोडायला सही बाबांची पाहिजे. मी फॉर्म पुढे ठेवला, तर बाबा म्हणाले, "तिले विचार."

"कोणाला बाबा?"

"तुह्या सासूले. तिनंच नाही म्हटलं होतं. मी आता कसा हो म्हणू?"

आई, हा माणूस पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. वरिष्ठांचा शेरा असल्याशिवाय त्यांनी कधी कागद पुढे सरकवला नाही. घरातल्या वरिष्ठ तुम्ही. तुम्ही गेलात, पण फाइल अजून तुमच्याच टेबलावर आहे. आता मी काय करावं? म्हणून हे पत्र. परवानगी मागायला नाही, हे आधीच सांगते. आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायला.

भांडण नीट पुरं करायचं तर पहिल्यापासून मांडावं लागतं. नागपुरात नंदनवन कॉलनीतलं हे घर तुम्ही उभं केलंत. बाबांनी सह्या केल्या, उभं तुम्ही केलंत. ट्रकमधून उतरलेल्या विटांमधल्या दोन उचलून एकमेकींवर आपटायच्या, आणि आवाज खणखणीत आला नाही तर ट्रक परत. मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर ओला पंचा टाकून स्लॅबला पाणी मारलंत. हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय, की कधी कधी वाटतं मीच तिथे हजर होते आणि तुम्ही मला काहीतरी आणायला पिटाळलं होतं.

खोल्या पुढे, न्हाणी घरात, आणि संडास मागच्या अंगणाच्या पार टोकाला, कंपाउंडच्या भिंतीशी. तेव्हा सगळ्यांचेच तसे असत. मग एकेका घरानं आपापला आत घेतला. शेजारच्या काकूंकडे तर माणसं दोन आणि संडासही दोन. आपण मात्र मागच्या दाराला एक छत्री टांगली. पावसाळ्यात पाहुणा उठला की त्याच्या हातात छत्री द्यायची आणि आपण दुसरीकडे बघायचं, ही आपल्या घरची रीत. माझ्या भावानं एकदा अमरावतीहून विचारलं होतं, "ताई, तुझ्या सासरी पाहुण्यांचं काय करतात?" मी म्हटलं, "छत्री देतात."

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी विषय काढला. तुम्ही मेथी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "काहून वं, तिकून देवघर आहे ना. देवाच्या भिंतीले संडास लावते का तू?"

"मग दुसरीकडे बांधू."

"कुठी बांधते? आन् घरात संडास असला का घराले वास येते. माणसानं थोडं चालाव. पाय मोकळे होते."

पाय मोकळे करायला लोक अंबाझरी तलावावर जातात. आपण जिथे जात होतो तिथे जात होतो. पण तुमचं वाक्य निर्णय म्हणून नोंदलं गेलं. त्यानंतर मी दर दोन-चार वर्षांनी अर्ज केला आणि तुम्ही दर वेळी त्याच कारणासाठी फेटाळलात. एवढं सातत्य सरकारात असतं तर मेट्रो कधीच झाली असती.

खरं सांगू? देव हे निमित्त होतं. तुमचा जीव वर होता, गच्चीवर. स्लॅब टाकताना प्रत्येक कॉलमच्या सळया तुम्ही हातभर वर सोडून ठेवल्यात, पुढच्या मजल्यासाठी. "वरचा मजला धाकट्याचा," असं संजय शाळेत होता तेव्हापासून सांगत आलात. तुम्ही एकट्याच नाही म्हणा. आपल्या गच्चीवरून पाहिलं तर नंदनवनातल्या अर्ध्या घरांच्या डोक्यावर असे लोखंडी केस उभे आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, आणखी लांब. घरं इथे, सळया वर करून, मजल्याची वाट बघत.

तुमच्या सळयांवर कान तुटलेल्या बरण्या उपड्या घातलेल्या. मृग लागायच्या आधी तुमचा थोरला, प्रमोद, हिंगण्याच्या त्याच्या कंपनीतून जळकं ऑइल आणायचा आणि तुम्ही कंबरेवर हात ठेवून ते एकेका सळईला चोपडून घ्यायचात. मी खाली कपडे पिळत असायचे. मनात यायचं, या घरात माझ्या केसांना कोणी कधी एवढ्या मायेनं तेल लावलं नाही.

धाकटा पुण्याला गेला, फ्लॅट घेतला, मुलं तिकडची झाली. सळयांना आपण दोऱ्या बांधल्या. कुरड्या वाळल्या, सांडगे वाळले, माझे परकर वाळले. मजला काही उगवला नाही. तरी तुमची एफडी मुदत संपली की पुन्हा ठेवली जायची, वरच्या मजल्यासाठी. खाली आम्ही छत्री घेऊन उभे.

आता काय झालं ते सांगते. यंदा संक्रांत झाली आणि बाबा अंगणाच्या पायरीवर पडले. हाड वाचलं. भीती मात्र बसली, त्यांच्यापेक्षा आमच्या मनात जास्त. तेव्हापासून ते निघाले की मी नाहीतर प्रमोद सोबत जातो आणि बाहेर उभे राहतो. "बाबा, दार पुरतं लावू नका." ऐंशी पार केलेल्या माणसाला त्याची सून हे सांगते आणि तो "बरं" म्हणतो. तुमच्यासमोर ज्यांनी कधी बनियनवर अंगणात पाऊल टाकलं नाही, ते बाबा. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

संजयला कळवलं. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून आम्ही समोर बसलो. बाबा पलंगावर, फोनच्या चौकटीच्या जरासे बाहेर.

"वहिनी, आपण प्रॅक्टिकल विचार करू," तुमचा धाकटा म्हणाला. "वरचा मजला बांधून टाकू, विद्यार्थ्यांना भाड्यानं देऊ. आईची तीच इच्छा होती. बाबांना सहा महिने मी नेतो, सहा महिने तुम्ही ठेवा. इकडे लिफ्ट आहे, खोलीतच टॉयलेट आहे."

मी म्हटलं, "भाऊजी, बाबा काय महापालिकेचा टँकर आहेत, पाळी लावून पाठवायला?"

"तसं नाही हो वहिनी."

"मग कसं?"

प्रमोद म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." तुमच्या आणि माझ्या मध्ये उभं राहून राहून दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्याला सवय झालीय. तो पंच झाला तर सामन्यात दोन्ही संघ जिंकतील.

संजय वाईट नाही, आई. तुम्ही घडवलेला आहे, कसा असेल? लिफ्टही खरी आहे. पण सगळा वेळ बाबांबद्दल बोलणं चाललं होतं आणि बाबा त्या पलंगावर बसून आपल्याला कुठे ठेवायचं ते ठरताना ऐकत होते. त्यांना इथली सकाळची पेपरवाल्याची हाक लागते. भिंतीपलीकडच्या काकांशी रोजची तीच बाचाबाची लागते. कढीत मेथीदाणा लागतो. पुण्याला कढी गोड असते, हे तुम्हीच एकदा जाऊन आल्यावर असं सांगितलं होतंत जसं काही तिथे खून झाला होता.

मग आम्ही बजेट काढायला बसलो. तुमचं मत मला पाठ आहे: घराचा हिशोब तोंडी ठेवायचा, कागदावर आला का वाढते. बरोबर होतं तुमचं. प्रमोदनं कंपनीतल्यासारखा तक्ता केला. त्यात 'इतर' नावाचा एक रकाना होता, आणि दोन दिवसांत तो बाकी सगळ्या रकान्यांहून लठ्ठ झाला. कोणी वास्तुवाल्याला बोलवा म्हणे, कोणी म्हणे आता फोडतोच आहोत तर स्वयंपाकघरही नवं करून घ्या. स्वतः प्रमोदनं हळूच फॉल्स सीलिंग आणि त्यात लुकलुकणारे दिवे घातले. मी विचारलं, "कुठे?" तर म्हणाला, "बाथरूममध्ये. बाबांना प्रसन्न वाटेल."

मी दिवे खोडले. वास्तुवाला खोडला. कूलरची खिडकी ठेवली. नागपुरात आधी कूलरची खिडकी ठरते, मग तिच्याभोवती खोली बांधतात. आणि ती सिमेंटनं अर्धी झाकली गेली तर वैशाखात बाबा त्या खोलीत भाजून निघतील.

मग ठेकेदार आला, श्यामलाल. त्याला आधी गच्चीवर नेलं, कारण संजयचंही म्हणणं तपासायला हवं होतं. श्यामलालनं एक बरणी उचलली आणि सळईवर हातोडी मारली. मोठमोठे पापुद्रे सुटून खाली पडले. "भाभीजी, ऊपर से तेल पिलाया, जड़ में पानी गया," तो म्हणाला. "इसमें अब जान नहीं है."

आई, सळई जिथे स्लॅबमध्ये शिरते तिथूनच पाणी मुरत होतं. तुमच्या खोलीच्या छताला दर श्रावणात जी ओल यायची, जिच्यासाठी आपण डांबर फासलं, चुना मारला, रंगवाल्याला बोल लावले, ती तिथूनच येत होती. धाकट्याच्या मजल्यासाठी राखलेलं लोखंड तुमच्याच डोक्यावर गळत होतं. तुम्हाला हे कळलं असतं तर काय म्हणाला असतात? बहुतेक ठेकेदार बदला म्हणाला असतात.

वर चढवायचं तर आधी खालचे कॉलम जाड करायचे, पाया उकरून पाहायचा. एफडी तिथेच जिरणार, मजला दिसायच्या आधी. श्यामलालनं खालच्या बाथरूमचा अंदाज वेगळा दिला. तो एफडीत बसतो, जेमतेम. म्हणजे वरचं नाहीतर खालचं. दोन्ही नाही. बजेट म्हणजे दुसरं काय असतं हो? घरात कोण आधी आणि कोण नंतर, हे आपण तोंडानं कधी म्हणत नाही, ते सिमेंटचा भाव आपल्याकडून म्हणवून घेतो.

राहिली देवाची भिंत. श्यामलालला म्हटलं, बाथरूम जरा सरकवता येईल का? तो म्हणाला, पाइपला उतार पाहिजे, या कोपऱ्याखेरीज तो मिळत नाही. बरं. ड्रेनेजला उतार लागतो, देवाला लागत नाही. तेव्हा देव हलतील. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर, टीव्ही आहे तिथे. टीव्ही हलेल समोर. तुम्हाला सांगते, देव हलवायला घरात कोणी काही म्हटलं नाही. टीव्हीला मात्र प्रमोदनं दोन दिवस विरोध केला.

काकूंनी भिंतीवरून मान काढलीच. "वर्षा, सासू जाऊन वरीस नाही झालं, न् बांधकाम काढून राह्यली म्हणे? वर्षश्राद्ध तरी होऊ दे."

मी म्हटलं, "थांबते ना काकू. फक्त बाबांना सांगा, वर्षश्राद्धापर्यंत संडासला जायचं नाही म्हणून."

त्या आत गेल्या. दोन संडासांच्या घरात.

इथपर्यंत सगळं तुमच्या-माझ्या नेहमीच्या सुरात झालं. पुढचं लिहायला हात जरा अडतोय.

मागच्या आठवड्यात बाबांचा पाण्याचा तांब्या उचलला तर जड लागला. सकाळी भरून ठेवला होता, संध्याकाळी तसाच. दुसऱ्या दिवशीही. मी विचारलं तर म्हणाले, "थंडी आहे ना वं, तहान कुठी लागते." फाल्गुन लागलाय, आई. दुपारी पंखा लावावा लागतो.

मला लगेच कळलं, कारण मी हे एकदा पाहिलंय. मागच्या उन्हाळ्यात. डॉक्टर तुम्हाला म्हणाले, आजी, पाणी भरपूर प्या, आणि तुम्ही शहाण्या मुलीसारखी मान हलवलीत. घरी आल्यावर मी भरून दिलेला पेला तुम्ही ओठाला लावायचात आणि मी वळले की पलीकडच्या कुंडीत. मोगऱ्याखाली त्या वर्षी भर उन्हाळ्यात फुलांचा नुसता सडा पडला. जितकं कमी प्यायचं तितक्या कमी फेऱ्या. जितक्या कमी फेऱ्या तितक्या कमी वेळा माझा हात धरायचा. हाच हिशोब होता ना? तोंडी ठेवलेला, कागदावर नसलेला?

काहून नाही बोललात मला? माझ्या हाताला एवढं काय टोचत होतं? मी खोलीत कमोडची खुर्ची आणली, तर तुम्ही ती साडी टाकून झाकलीत आणि तिच्यावर गीतेची पोथी ठेवलीत. हट्टाला सीमा असते, असं मी तेव्हा म्हटलं होतं. आज म्हणते, लाजेला नसते.

तुम्ही गेलात त्या दुखण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं. बरं वाटलं. पुरतं नाही वाटलं.

आता बाबाही तेच करतायत. तुमच्याकडून शिकले की स्वतःच शोधून काढलं, कोण जाणे. आणि नागपूरचा उन्हाळा दारात आहे. म्हणून मी अडून बसलेय. देवाशी, तुमच्याशी, पुण्याशी, काकूंशी. ऊन तापायच्या आत ते बाथरूम उभं राहिलं पाहिजे.

*

वरचं काल लिहिलं. आज दुपारी पुढे लिहायला बसले तर बाबा काठी टेकत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"काय लिहून राह्यली?"

"आईंना विचारतेय. तुम्हीच म्हणालात."

"काय म्हणते मंग ते?"

"देवाच्या भिंतीवर अडून बसल्यात."

"अडनारच," बाबा म्हणाले आणि तुमच्या जाण्यानंतर पहिल्यांदा थोडे हसले.  फॉर्म तिथेच टेबलावर होता. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी तुमच्या पाण्याचं त्यांना सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर त्यांनी त्या क्षणी सही केली असती, हे मला माहीत होतं. पण तुम्ही जे नवऱ्यापासूनही लपवलंत ते मी त्यांच्यासमोर मांडायचं, तेही एका सहीसाठी? नाही मांडलं. ते आपल्या दोघींत राहील. हे पत्रही बाबांना देणार नाही.

मग मला दुसरं एक आठवलं. तेही मागच्या उन्हाळ्यातलंच. एका सकाळी तुम्ही माझ्या हाताला धरून निघाला होतात आणि अंगणाच्या मधोमध थांबलात. दम लागला असेल असं मला वाटलं. तुम्ही पलीकडच्या त्या दाराकडे बघत होतात. मग म्हणालात, "वर्षा, हे आंगन पह्यले एवढं मोठं नव्हतं वं."

मी काहीतरी चेष्टा केली. तुम्ही चालू लागलात.

हे मी बाबांना सांगितलं, जसंच्या तसं. ते बराच वेळ मागच्या दारातून बाहेर बघत बसले.

"असं म्हनली ते?"

"हो."

"मले नाही कधी बोलली."

"तुम्हाला कशाला बोलतील? तुम्ही काळजी करत बसला असता."

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मलेबी तसंच वाटते," ते म्हणाले. "रोज थोडं थोडं वाढूनच राह्यलं ते आंगन."

मग हात पुढे केला. "आन तो फारम."

सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख, ऑफिसात करायचे तशी. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पैसे कमी पडले त् सांगजो. माह्याजवळ थोडे आहेत." कुठून आहेत ते मी विचारलं नाही. या घरात प्रत्येकाचा एक तोंडी हिशोब आहे, हे आता मला कळलंय.

संध्याकाळी संजयला फोन केला. बाबा कुठेही जाणार नाहीत, मजला होणार नाही, सळया कापणार, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई असती तर..."

"त्यांना विचारलंय," मी म्हटलं.

वेड लागलं वहिनीला असं त्याला वाटलं असेल. पण थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "वहिनी, फरशी न घसरणारी घ्या. खरखरीत. तिचे पैसे मी पाठवतो, आणि भिंतीला धरायचे दांडे स्टीलचे लावा, दोन्ही बाजूंनी." आवाज बसलेला होता. रडला असावा. म्हटलं ना, वाईट नाही.

सोमवारी श्यामलालची माणसं येतील. खड्डा खणायच्या आधी मी विटा वाजवून घेणार आहे, तुमच्यासारख्या, आणि एक जरी बद्द वाजली तरी ट्रक परत. अंगणाचा बराच भाग जाईल. जाऊ दे. फार वाढलं होतं.

सळया त्याच दिवशी कापायच्या. कापलेल्या जागा सिमेंटनं बंद करून घेईन, म्हणजे येत्या श्रावणात बाबांच्या डोक्यावर गळणार नाही. तुमच्यासमोर हे झालं नसतं. मलाही ते बघवेल असं नाही, पण मी गच्चीवर उभी राहीन. कोणीतरी घरचं तिथे असायला हवं.

लोक विचारणारच, काकू तर पहिल्या: सासूबाई असत्या तर त्यांना चाललं असतं का? मी खोटं सांगणार नाही. म्हणेन, नसतं चाललं. देव हलवले म्हणून दोन महिने माझ्याशी बोलल्या नसत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं माहेर काढून दाखवलं असतं, रंगापासून कडीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली असती. आणि मग एके दिवशी दुपारी, घरात कोणी नाही असं पाहून, पहिल्यांदा त्याच आत गेल्या असत्या. बाहेर येऊन म्हणाल्या असत्या, नळ चुकीच्या हाताले लावला.

तेव्हा वचन एवढंच. बाबा याच घरात राहतील. पलंगावरून उठतील, दांड्याला धरून चार पावलं जातील, आणि दार आतून स्वतःच्या हातानं लावून घेतील, पुरतं. बाहेर कोणी उभं नसेल. मी स्वयंपाकघरात असेन, भांडी जरा जोरात ठेवत, म्हणजे त्यांना कळेल की कोणी ऐकत नाहीये.

वाद अजून न संपवलेली,
तुमची सून
वर्षा